दऱ्यांचा दर्या करू नका

मराठी संकेतस्थळे बांधणाऱ्या प्रोग्रामर मंडळींना,



पत्राचा विषय लहान आहे. लांबलचक मराठी पानाच्या माथ्यावर अनुक्रमणिका असते. तिच्यातल्या एका नोंदीवर बोट ठेवले की पानाने सरकून त्या शीर्षकापाशी थांबावे, एवढीच वाचकाची अपेक्षा असते. पत्त्याच्या शेवटी हॅशचे चिन्ह आणि त्यापुढे त्या शीर्षकाची खूण. तुम्ही तिला अँकर लिंक म्हणता. इंग्रजी पानावर हे बिनबोभाट चालते. मराठी पानावर बोट ठेवले की पुष्कळदा काहीच होत नाही, किंवा भलतेच शीर्षक समोर येते. संतवाङ्मयाच्या आवृत्त्या, योजनांच्या माहितीपुस्तिका, कायद्यांची भाषांतरे असा लांब आणि तळटीपांनी भरलेला मजकूर वेबवर चढवण्याचे काम मी करतो, त्यामुळे ही अडचण माझ्या रोजच्या वाट्याची आहे. तुमच्या कानावर मात्र ती क्वचितच येते. का येत नाही, ते आधी सांगतो.

पत्त्यातला हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. ब्राउझर तो स्वतःपाशी ठेवतो आणि पान उतरल्यावर त्यात ती खूण शोधतो. आख्खे पान सापडले नाही तर ४०४ दिसतो, लॉगमध्ये नोंद होते, कोणीतरी ती पाहतो आणि दुरुस्ती होते. पानातली खूण सापडली नाही तर ब्राउझर गप्प बसतो. वाचक पानाच्या माथ्यावरच उभा राहतो, फोन अडकला असे समजून दोनदा बोट आपटतो आणि मग अंगठ्याने पान ढकलत ढकलत खाली जातो. तो तक्रार करत नाही, कारण तक्रार करण्याजोगे काही घडले हेच त्याला कळत नाही. तुमच्या आकडेवारीत तो 'पान उघडले' म्हणून जमा होतो. तेव्हा 'आमच्याकडे अशी तक्रार आलेली नाही' हे उत्तर कृपा करून देऊ नका. ती यायला वाटच ठेवलेली नाही.

वाचकाला नेमक्या ओळीवर नेऊन सोडणे ही वेबने आणलेली चैन नव्हे. दासबोधात वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास आणि प्रत्येक ओवीला आकडा. तीन आकडे सांगितले की पारायणाला बसलेल्या आजी आणि विद्यापीठातला प्राध्यापक एकाच ओवीवर येतात, दोघांच्या पोथ्या वेगळ्या छापखान्यांतल्या असल्या तरी. ज्ञानेश्वरीचा हवाला अध्याय आणि ओवी यांनी देतात. आवृत्त्यांच्या पाठभेदांमुळे आकडा थोडा पुढेमागे होतो, पण माणूस चुकत नाही. हाच मजकूर वेबवर आला की मला वाचकाला सांगावे लागते, 'पान उघडा आणि खाली शोधा.' हे सांगताना संकोच वाटतो.

आता मुख्य गाऱ्हाणे. शीर्षकावरून खूण बनवायला तुम्ही एक छोटी ओळ वापरता. बहुधा ती कुठून तरी उचललेली असते. अक्षरे आणि आकडे ठेवा, बाकीचे काढा, मोकळ्या जागी आडवी रेघ घाला. अक्षर कशाला म्हणायचे हे त्या ओळीतला, उलट्या तिरक्या रेघेपुढचा एक छोटा डब्ल्यू ठरवतो. जावास्क्रिप्टमध्ये या डब्ल्यूला रोमन अक्षरे, दहा आकडे आणि अधोरेषा एवढेच कळते. मराठी शीर्षक त्यातून गाळले की हाती काहीच उरत नाही. मग एखादे साधन स्वतःच 'सेक्शन', 'सेक्शन-१', 'सेक्शन-२' अशी नावे ठेवते. निदान चालते तरी, असे तुम्ही म्हणाल. चालते, पण वरच्या बाजूला एक नवे शीर्षक घालेपर्यंत. त्यानंतर पुढच्या सगळ्या खुणा एकेकाने सरकतात, आणि गेल्या वर्षी कोणाला पाठवलेली 'अनुदान किती' ही लिंक आता 'अपात्रतेच्या अटी' दाखवते.

पायथनचे वागणे याहून फसवे आहे. पायथन ३ मध्ये तोच डब्ल्यू युनिकोड ओळखतो, म्हणून तुम्ही निर्धास्त होता. पण युनिकोडच्या वर्गवारीत क, ख, ग आणि अ, आ, इ ही अक्षरे. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांचा वर्ग वेगळा, त्याचे नाव 'मार्क'. पायथनसोबत येणाऱ्या रेजेक्स मॉड्यूलमधला डब्ल्यू या चिन्हांना अक्षर मानत नाही. तो मूळ अक्षरे ठेवतो आणि त्यांना लागलेले सगळे झाडून टाकतो. साताऱ्याचे 'सतर' होते, नाशिकचे 'नशक', चिपळूणचे 'चपळण'. कोल्हापूरचे 'कलहपर' होते आणि विनाकारण कलह शिरतो. पुणे, पेण आणि पाणी ही तिन्ही शीर्षके 'पण' या एकाच खुणेवर येतात. दार, दूर, दरी, दोरी यांचा भाव एकच: 'दर'. एका पानावर एकच खूण दोनदा आली तर ब्राउझर पहिलीवर थांबतो, म्हणजे पाण्याची माहिती मागणारा पुण्याला पोहोचतो. काही साधने दुसऱ्या 'पण'ला शेपटी जोडतात, 'पण-१'. मराठी माणसाला 'पण-१' हे काय लक्षात राहणार!

बाराखडीची ही एकखडी का होते, याचे उत्तर द्वेष नाही, दुष्टावा नाही. ती ओळ लिहिणाऱ्याने ती 'कॅफे'सारख्या शब्दातल्या फ्रेंच स्वरचिन्हावर तपासलेली असते. ती चिन्हे युनिकोडमध्ये अक्षराशी जोडलेली तयार मिळतात, म्हणून तिथे सगळे सुरळीत दिसते. आपल्याकडे तयार 'का', 'कि', 'कु' नाहीत. क वेगळा आणि काना वेगळा. दुरुस्ती एवढीशी आहे. जावास्क्रिप्टच्या २०१८च्या मानकापासून रेजेक्समध्ये युनिकोडचे वर्ग नावाने सांगता येतात: अक्षरांसाठी एल, आकड्यांसाठी एन, आणि चिन्हांसाठी एम. तुमच्यातले जाणकार एल आणि एन आठवणीने लिहितात आणि एम विसरतात. तो तेवढा लिहा. पायथनसाठी 'रेजेक्स' याच नावाचे, सोबत न येणारे वेगळे मॉड्यूल मिळते, ते मात्रांना शब्दाचा भाग मानते, ते वापरा.

मात्रा वाचल्या तरी मराठीचा एक खास पेच उरतो, आणि हिंदीवर तपासून मराठीला लावलेल्या साधनांत तो हमखास सापडतो. 'दऱ्या'मधला आडवा अर्धा र. काही कीबोर्ड तो र, पाय मोडण्याचे चिन्ह म्हणजे हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह अशा तीन संकेतांनी लिहितात. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही 'दऱ्या' सारख्या. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नॉर्मलायझेशन केले तरी ते एक होत नाहीत. शीर्षक एकाने टंकले, अनुक्रमणिका दुसऱ्याने, की लिंक गेली. कितीही निरखून पाहा, दोन्हींत फरक दिसणार नाही. प्रुफे तपासणाऱ्याची नजरही इथे उपयोगाची नाही.

त्यात एखादा टापटीप प्रोग्रामर 'अदृश्य चिन्हे काढून टाका' अशी एक ओळ घालतो. पहिल्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या'मधले जोडचिन्ह निघून जाते आणि उरतो 'दर्या'. सह्याद्रीच्या दऱ्यांचा एका ओळीत समुद्र होतो. आचाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचना आचार्यांना लागू होतात. माझी विनंती अशी की खूण बनवताना आणि खूण शोधताना, दोन्हीकडे, र-हलन्त-जोडचिन्ह या तिकडीचे ऱ-हलन्त करून घ्या, आणि मगच बाकीची साफसफाई करा. 'ॲ'चेही असेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधीचा मजकूर, आणि नंतरचाही बराचसा, अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. 'ॲसिडिटी' शोधणाऱ्याला दोन्हींतले कुठलेही चालते, तुमच्या तुलनेला चालत नाही. हेही एकाच रूपात आणा.

खूण शाबूत राहिली, तरी पुढे आणखी एक खड्डा आहे. पत्त्यात देवनागरी अक्षरे जशीच्या तशी प्रवास करत नाहीत. यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२मध्ये आखली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. पत्त्यात यातला प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अक्षरे असा लिहिला जातो. 'म' म्हणजे टक्का-ई-शून्य, टक्का-ए-चार, टक्का-ए-ई. एका संकेताची नऊ अक्षरे. 'पाणीपुरवठा'मध्ये मात्रा धरून दहा संकेत, म्हणून पत्त्यात त्याची नव्वद अक्षरे होतात. ब्राउझरला याचे काही नाही. एचटीएमएलचे मानक सांगते की खूण आधी आहे तशी जुळवून पाहा, नाही जुळली तर टक्के उलगडून पुन्हा पाहा, आणि ब्राउझर तसेच करतात.

बिघाड होतो तो तुम्ही वर चढवलेल्या शोभेमुळे. पान झटकन न जाता अलगद सरकावे म्हणून तुम्ही छोटी स्क्रिप्ट लावता. ती पत्त्यातला हॅश उचलते, टक्क्यांसकट, आणि जशीच्या तशी क्वेरी-सिलेक्टरला देते. सिलेक्टरच्या व्याकरणात टक्क्याचे चिन्ह बसत नाही. स्क्रिप्ट चूक दाखवून तिथेच थांबते, आणि त्याच फाइलमध्ये पुढे मेनू उघडण्याचे किंवा शोधपेटीचे काम असेल तर तेही थांबते. इंग्रजी खुणांत टक्के येत नाहीत, म्हणून तपासणीत हे कधी दिसत नाही. हॅशचे चिन्ह काढा, उरलेले उलगडा, आणि सिलेक्टरच्या वाटेला न जाता आयडीवरून घटक शोधणारे जुने, साधे फंक्शन वापरा. याच सिलेक्टरची एक गंमत: रोमन 1ने सुरू होणारी खूण त्याला चालत नाही, देवनागरी १ने सुरू होणारी मुकाट्याने चालते. एवढी एक सवलत आपल्या लिपीला मिळालेली आहे!

'आयडी इंग्रजीतच असावा असे मानक आहे' हे मी अजूनही ऐकतो. तसे मानक होते. १९९९च्या एचटीएमएल ४.०१मध्ये आयडीची सुरुवात रोमन अक्षराने व्हायला हवी होती आणि पुढेही थोडीच चिन्हे चालत. त्या नियमामुळे विकिपीडियातल्या विभागांच्या खुणा टक्क्यांऐवजी टिंबे घातलेल्या लांब माळा असत; मराठी विकिपीडियाची जुनी लिंक जपून ठेवली असेल तर पाहा. २०१४मध्ये एचटीएमएल ५ने तो नियम काढला. आता आयडी पानात एकमेव असावा, रिकामा नको आणि त्यात मोकळी जागा नको, एवढेच बंधन. २०१७च्या सुमारास विकिपीडियाच्या खुणाही वाचता येतील अशा झाल्या. देवनागरीसारख्या लिप्यांतले पत्ते कसे लिहावेत याचे वेगळे मानक तर जानेवारी २००५पासून आहे. तेव्हा शाळेत असलेली मुले आज तुमच्या टीमची लीड झाली असतील.

वाचक लिंक दुसऱ्याला पाठवतो, त्याचाही विचार करा. पत्त्याच्या पट्टीत त्याला सुरेख 'पाणीपुरवठा' दिसते. तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवतो तेव्हा मात्र टक्क्यांची पल्लेदार माळ पडते. देवनागरी अक्षर असलेला एसएमएस ७० अक्षरांत संपतो आणि इथे नुसती खूणच नव्वद अक्षरांची. शिवाय अनोळखी, विचित्र दिसणाऱ्या लिंकवर बोट ठेवू नका, असे बँका सतत बजावत असतात. टक्क्यांची ती माळ पाहून एखाद्या सावध आजोबांनी ती उघडलीच नाही, तर चूक आजोबांची नाही. २०१४मध्ये देवनागरी '.भारत' आले तेव्हा मराठी पत्त्यांचे कौतुक झाले. त्या नावांची ने-आण पडद्यामागे वेगळ्या रोमन संकेताने होते आणि वाचकाला त्याची झळ लागत नाही. पत्त्याच्या पुढच्या टोकाची एवढी काळजी घेतली गेली. मागच्या टोकासाठी 'लिंक कॉपी करा' असे एक बटण तरी द्या, जे वाचता येईल असा पत्ता हाती देईल.

मी देवनागरी खुणांचा हट्ट धरणारा नाही. छापील अंकात पत्ता द्यायचा असेल, वाचक तो हाताने टंकणार असेल, तर संपादकाने निवडलेला छोटा रोमन शब्दच बरा. यंत्राने आपोआप केलेले रोमनीकरण मात्र नको: त्यात ट आणि त, ण आणि न एकाच अक्षरात कोंबले जातात, आणि आयुर्वेदाच्या पानावर वाताची वाट होते. हवे ते एवढेच की खूण काय असावी हे लिहिणाऱ्याला ठरवता यावे. मजकूर चढवण्याच्या खिडकीत शीर्षकाखाली 'खूण' असा एक रकाना ठेवा. तो रिकामा सोडला तर यंत्राने शीर्षकावरून बनवावी, भरला तर त्यात नाक खुपसू नये.

त्याच रकान्याला एक कुलूपही लागते. शीर्षकात शुद्धलेखन सुधारणे हे आमचे नित्याचे काम: कोणी 'पाणि' लिहिले, ते 'पाणी' करायचे. सुधारले की तुमचे यंत्र खूणही बदलते आणि जुन्या सगळ्या लिंका निकामी होतात. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची काळजी घेणाऱ्यालाच शिक्षा. चांगला पत्ता बदलू नये, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच लिहून ठेवले आहे. एकदा प्रसिद्ध झालेली खूण शीर्षक बदलले तरी कायम ठेवा. बदलायचीच असेल तर जुनी खूण त्याच जागी एका रिकाम्या घटकावर राहू द्या. एका जागी दोन खुणा असल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आतापर्यंतच्या गोष्टींत डोळस वाचकाची गैरसोय होते, पण अंगठ्याने पान ढकलून तो निभावून नेतो. स्क्रीन रीडरवर ऐकत वाचणाऱ्याचे तसे नाही. पानाच्या अगदी सुरुवातीला 'मुख्य मजकुराकडे जा' ही लिंक त्याच्यासाठीच असते. तिने मेनू, बोधचिन्हे, मंत्र्यांची छायाचित्रे, सरकत्या सूचना हे सगळे ओलांडता येते. संकेतस्थळाची मराठी आवृत्ती काढताना लिंकेतली खूण भाषांतरित होते, पानातला आयडी इंग्रजीच राहतो, आणि हा दुवा तुटतो. मग प्रत्येक पानावर त्याला तो सगळा पसारा पहिल्यापासून ऐकावा लागतो. अनेक मराठी पानांवर ही लिंक केवळ नियमपुस्तिकेत आहे म्हणून आहे. दाबली तर ती कुठेच जात नाही. बाकीच्या तक्रारी पुढच्या वर्षी सोडवल्यात तरी चालेल. ही आजच पाहा.

ई-पुस्तके बनवणाऱ्यांनीही हे पत्र आपल्याला आहे असे समजावे. तिथल्या तळटीपा याच यंत्रणेवर चालतात, आणि टीपेवर गेलेला वाचक परत मजकुरात येऊ शकत नाही तेव्हा तो पुस्तकाला नावे ठेवतो.

सर्व्हर तुम्हाला काही सांगणार नाही, म्हणून प्रसिद्ध करण्याआधी तुम्हालाच विचारावे लागेल. पानातल्या प्रत्येक हॅश-लिंकला त्याच पानात जुळणारा आयडी आहे का, हे पाहणारी तपासणी दहावीस ओळींत होते. ती बिल्डमध्ये बसवा आणि लिंक जुळली नाही तर बिल्ड अडवा. तपासणीसाठी 'हॅलो वर्ल्ड' पुरे नाही. ही शीर्षके घ्या: 'सह्याद्रीच्या दऱ्या', दोन्ही पद्धतींनी टंकलेली. 'ॲसिडिटी', तीही दोन्ही पद्धतींनी. 'पुणे', 'पेण' आणि 'पाणी', एकाच पानावर. '१. पात्रता' आणि '1. पात्रता'. प्रत्येकाची लिंक अनुक्रमणिकेतून दाबून पाहा, मग कॉपी करून दुसऱ्या फोनवर उघडून पाहा, आणि शेवटी माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डने त्या जागी पोहोचता येते का ते पाहा.

काही अडले तर कळवा. वेडीवाकडी मराठी शीर्षके लागतील तेवढी पुरवीन.



आपला,
मराठी मजकुराचा एक संपादक